चेंबरचा नट आवळताना पान्याला पाईप लावू नका! घरी ऑईल बदलणाऱ्यांसाठी सोपा हिशेब

जळगाव/धुळे : रावेर-यावलकडची केळीची पिकअप असो की साक्री-शिंदखेड्याकडची घरची जुनी कार, बरेच जण इंजिन ऑईल अंगणातच बदलतात. काम अवघड नाही. चूक होते ती शेवटी, चेंबरखालचा ड्रेन नट आवळताना. नट ढिला राहिला तर हादऱ्यांनी सुटतो, ऑईल रस्त्यातच गळतं आणि इंजिन जाम होतं. जास्त आवळला तर आटे जातात. ते बऱ्याचदा पुढच्या वेळी नट खोलतानाच कळतं.

आटे का जातात?

नट लोखंडी असतो, पण अनेक गाड्यांचं चेंबर ॲल्युमिनियमचं असतं. ॲल्युमिनियम मऊ, त्यामुळे जोर जास्त झाला की चेंबरचेच आटे सोलून निघतात. शिवाय ऑईल अडवण्याचं काम आट्यांचं नाही, नटाखालच्या वायसरचं आहे. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वायसर दबून फट बुजवतो. एकदा दबलेला वायसर पुन्हा तसा दबत नाही. म्हणून दर वेळी नवा टाकावा, तो स्वस्तात मिळतो.

किती जोर लावायचा?

आवळण्याचा जोर न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. अनेक छोट्या पेट्रोल कारमध्ये तो ३० ते ४० च्या दरम्यान असतो. प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा, त्यामुळे गाडीसोबतच्या पुस्तकात पाहूनच काम करावं.

समजा आकडा ३५ आहे. २० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला साधारण १८ किलोचा जोर दिला की ३५ पूर्ण होतात. त्याच पान्याला पाईप लावून लांबी ६० सेंटिमीटर केली आणि ३० किलोचा जोर दिला, तर आकडा १७५ च्या पुढे जातो. म्हणजे पाचपट! पायाने पाना दाबला तर विचारायलाच नको.

टॉर्क पाना असेल तर आकडा लावून आवळा. ‘टक’ आवाज आला की थांबा, पुन्हा ‘टक’ करू नका. तो पाना नसेल तर गॅरेजवाल्याकडून तेवढं आवळून घ्यावं.

काम करताना

- गाडी सपाट जागेवर लावा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच जाऊ नका, स्टँड लावा.
- इंजिन कोमट असावं. तापलेलं ऑईल हात भाजतं.
- रिंग पाना किंवा गोटी पाना वापरा. ॲडजस्टेबल पान्याने नटाचे कोपरे झिजतात.
- नट आणि बसण्याची जागा फडक्याने पुसा. आपल्याकडे धूळ भरपूर, एक खडाही गळतीला पुरेसा.
- सुरुवातीचे आटे बोटांनीच फिरवा. नट अडकला तर जबरदस्ती न करता काढून पुन्हा सरळ लावा. पाना शेवटी.
- गिअर ऑईल बदलताना आधी वरचा भरायचा नट खोलून बघा. तोच निघाला नाही, तर खालून रिकामं केलेलं ऑईल भरणार कुठून?

नंतर काय बघायचं?

नवं ऑईल भरून इंजिन चालू करा. ऑईलचा लाल दिवा विझला पाहिजे. खाली गळती बघा. इंजिन बंद करून काही मिनिटांनी काडी काढून पातळी तपासा. रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवला तर सकाळी एक थेंबही दिसतो.

थेंब दिसला म्हणून नट आणखी आवळत बसू नका. ऑईल काढून वायसर बदला. नट नुसताच फिरत असेल तर आटे गेले समजा. एम-सील लावून गाडी पळवू नका. गॅरेजमध्ये नवे आटे पाडून किंवा आतून आट्यांची स्प्रिंग बसवून बहुतेक वेळा चेंबर वाचतं.

निघालेलं काळं ऑईल मात्र नाल्यात, विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नका. २०१६ च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे. डब्यात भरून, जुनं ऑईल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्यावं.