विश्लेषण : एमपीएससीचे दार ३८व्या वर्षापर्यंत उघडे, पण बाकीची दारे कधी बंद होतात? ‘प्लॅन बी’ कसा आखायचा?

पुण्यातील सदाशिव पेठ, नवी पेठ परिसरातील अभ्यासिकांमध्ये निकालानंतर दोनच विषय असतात. यादीत नाव आलेल्यांचा सत्कार आणि पुढची जाहिरात. थांबायचे कधी आणि थांबल्यावर करायचे काय, हा तिसरा विषय सहसा निघत नाही. राज्यसेवेसाठी खुल्या प्रवर्गाची कमाल वयोमर्यादा ३८, तर मागास प्रवर्गांसाठी ४३ वर्षे आहे. त्यामुळे ‘अजून वेळ आहे’ असे वाटत राहते. मात्र पर्याय म्हणून ज्या नोकऱ्यांकडे पाहिले जाते, त्यांची दारे त्याआधी कितीतरी वर्षे बंद झालेली असतात. म्हणूनच ‘प्लॅन बी’ परीक्षा संपल्यावर आखून चालत नाही. तो कसा आणि कधी आखावा, याविषयी…

स्पर्धा नेमकी किती?

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षा २०२४ ची आकडेवारी बोलकी आहे. ९ लाख ९२ हजार ५९९ उमेदवारांनी अर्ज केले. त्यापैकी ५ लाख ८३ हजार २१३ जणांनी पूर्व परीक्षा दिली. १४ हजार ६२७ जण मुख्य परीक्षेसाठी पात्र ठरले, २ हजार ८४५ जण मुलाखतीपर्यंत पोहोचले आणि १ हजार ९ जणांची शिफारस झाली. म्हणजे परीक्षेला बसलेल्या साधारण ५७८ जणांमागे एक. मुलाखत देऊनही १ हजार ८३६ जण रिकाम्या हाताने परतले. यातील अनेकांच्या अभ्यासात फारसे काही कमी नसते, जागाच तेवढ्या असतात.

कोणते दार कधी बंद होते?

खुल्या प्रवर्गासाठी पदवीधरांच्या नेहमीच्या पर्यायांची सर्वसाधारण कमाल वयोमर्यादा पुढीलप्रमाणे आहे :

• मुख्यमंत्री फेलोशिप (महाराष्ट्र) : २६ वर्षे
• पोलीस शिपाई (महाराष्ट्र) : २८ वर्षे
• बँक लिपिक (आयबीपीएस) : २८ वर्षे
• बँक पीओ (आयबीपीएस) : ३० वर्षे
• रिझर्व्ह बँक ग्रेड ‘बी’, नाबार्ड ग्रेड ‘ए’ : ३० वर्षे
• पोलीस उपनिरीक्षक (एमपीएससी) : ३१ वर्षे
• यूपीएससी नागरी सेवा : ३२ वर्षे आणि सहा प्रयत्न
• राज्यसेवा : ३८ वर्षे

भरतीनुसार आरक्षित प्रवर्गांना वयात सवलत मिळते. वय कोणत्या दिनांकाला मोजणार, हे प्रत्येक जाहिरातीत दिलेले असते. मुख्यमंत्री फेलोशिपसाठी किमान एक वर्षाचा अनुभवही लागतो, त्यामुळे पदवीनंतर थेट अभ्यासिकेत गेलेल्यांना हा पर्याय लवकर हुकतो. या यादीशेजारी स्वतःची जन्मतारीख लिहिली, की आपल्या हातात प्रत्यक्षात किती पर्याय आणि किती वर्षे आहेत, ते दिसते. खासगी क्षेत्रात वयाची अशी लेखी मर्यादा सहसा नसते. पण अनेक कंपन्यांच्या फ्रेशर भरतीत पदवीच्या वर्षाची अट असते. पदवीला चार-पाच वर्षे झाली, की तो मार्ग जवळपास बंद होतो.

थांबण्याची तारीख कशी ठरवायची?

आयोगाच्या वेळापत्रकावर ही तारीख ठरवणे धोक्याचे आहे. १४ मार्च २०२१ ची राज्यसेवा पूर्व परीक्षा अवघे तीन दिवस आधी पुढे ढकलली गेली आणि पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले. २०२४ ची पूर्व परीक्षा २८ एप्रिलला होणार होती. ती वारंवार लांबली. २५ ऑगस्टची तारीख तर आयबीपीएसच्या परीक्षेशी जुळून आल्याने विद्यार्थ्यांनी आंदोलन केले. अखेर ती परीक्षा १ डिसेंबरला झाली. असंख्य विद्यार्थी दोन्हीकडे अर्ज करतात, हेही त्या आंदोलनातून दिसले.

२०२५ पासून राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. वस्तुनिष्ठ पद्धतीने तयारी केलेल्यांना लेखनाचा सराव नव्याने करावा लागला. तारखा आणि पद्धत दोन्ही उमेदवाराच्या हातात नाहीत. त्यामुळे तीन गोष्टी स्वतःच ठरवून लिहून ठेवाव्यात : वयाची मर्यादा, पैशांची मर्यादा आणि प्रगतीचा निकष. उदाहरणार्थ, ‘२७ पूर्ण होईपर्यंत पूर्णवेळ तयारी, घरून येणारे पैसे डिसेंबरपर्यंत, दोनदा पूर्व परीक्षा हुकली तर नोकरी शोधत अभ्यास.’ कॉट बेसिसची खोली, मेस, अभ्यासिका, टेस्ट सिरीज हा खर्च अनेकदा शेतीच्या उत्पन्नातून किंवा वडिलांच्या कर्जातून येतो. म्हणून ही तारीख घरच्यांसोबत बसून ठरवलेली बरी. निकालाच्या दिवशी असा निर्णय शांतपणे घेता येत नाही.

तयारीची वर्षे बायोडेटात कशी दाखवायची?

सर्वात मोठी चूक म्हणजे ती लपवणे. काही जण ओळखीच्या दुकानाचे किंवा फर्मचे अनुभव प्रमाणपत्र जोडतात. कंपन्या पार्श्वभूमी पडताळणीत पगाराच्या नोंदी, पीएफ खाते तपासतात आणि खोटेपणा उघड झाला तर मिळालेली नोकरीही जाते. त्यापेक्षा सरळ एक ओळ लिहावी : ‘२०२१ ते २०२४ : स्पर्धा परीक्षांची पूर्णवेळ तयारी.’ त्याखाली तपासता येईल असा तपशील द्यावा.

‘मेहनती, चिकाटी असलेला’ ही विशेषणे कोणीही लिहितो. ‘राज्यसेवा पूर्व परीक्षा दोनदा उत्तीर्ण’ किंवा ‘खासगी क्लासमध्ये आठ महिने अर्थशास्त्र शिकवले, ४० विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासल्या’ हे वाचणाऱ्याला समजते. मुलाखतीत ‘एवढी वर्षे काय केले?’ हा प्रश्न येणारच. त्याचे उत्तर तीन वाक्यांत बसावे : काय केले, कुठपर्यंत पोहोचलो, आता या कामाकडे का वळतो आहे. आयोगाच्या कारभारावरची नाराजी तिथे काढू नये.

पहिल्या ९० दिवसांत काय करावे?

पहिला महिना : अंतिम गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, जातीचे आणि नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र, आधारवरील नाव आणि जन्मतारीख जुळते का, ते पाहावे. नोकरीचे एकच क्षेत्र निवडून त्यातील २० जाहिराती वाचाव्यात आणि वारंवार मागितलेली कौशल्ये लिहून काढावीत.

दुसरा महिना : त्यातील एक कौशल्य पक्के करावे आणि दाखवता येईल असे काम तयार करावे. अभियंत्याने छोटा प्रकल्प, वाणिज्य पदवीधराने एक्सेल आणि टॅली, कला शाखेच्या पदवीधराने लेखन किंवा अनुवादाचे नमुने. केंद्राच्या राष्ट्रीय प्रशिक्षणार्थी योजनेच्या (नॅट्स) पोर्टलवर नोंदणी करून विद्यावेतनासह अप्रेंटिसशिपही मिळवता येते. पात्रतेच्या अटी मात्र अर्जापूर्वी वाचाव्यात.

तिसरा महिना : रोज ठरावीक अर्ज, आठवड्याला एक सराव मुलाखत आणि नोकरीत असलेल्या जुन्या वर्गमित्रांना फोन. संकोच सर्वाधिक इथेच होतो आणि माहितीही इथेच मिळते. नोंदणी, प्रशिक्षण किंवा लॅपटॉपच्या अनामत रकमेच्या नावाखाली पैसे मागणाऱ्या ‘ऑफर’पासून दूर राहावे.

मुलाखतीपर्यंत पोहोचलेल्यांसाठी वेगळी सोय आहे का?

यूपीएससीत आहे. मुलाखतीपर्यंत पोहोचूनही अंतिम यादीत न आलेल्या उमेदवारांची माहिती, त्यांची संमती असल्यास, आयोग ‘प्रतिभा सेतू’ पोर्टलद्वारे नोकरी देणाऱ्या संस्थांना उपलब्ध करून देतो. ही व्यवस्था २०१८ पासून वेगळ्या नावाने सुरू होती. अर्ज भरताना संमतीचा रकाना अनेक जण न वाचताच पुढे जातात.

नोकरी धरली म्हणजे परीक्षा सुटली का?

नाही. वय आणि प्रयत्न शिल्लक असतील, तर नोकरी करतानाही परीक्षा देता येते. शासकीय किंवा सार्वजनिक उपक्रमातील नोकरी असेल, तर ना-हरकतीचे नियम पाहावे लागतात. अभ्यासाचे तास कमी होतात, हे खरे. पण दरमहा घरी फोन करून पैसे मागण्याचा ताणही संपतो. २७व्या वर्षी नोकरी धरलेल्या उमेदवारासमोर राज्यसेवेसाठी आणखी ११ वर्षे असतात. ३५व्या वर्षी पहिला बायोडेटा लिहिणाऱ्यासमोर मात्र वरच्या यादीतील एकच दार उरलेले असते.