व्यवसायोपचाराची चाचणी घेणं अवघड का असतं?

मंडळी, औषधाची चाचणी कशी होते ते आपल्याला माहीत आहे. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट करायचे. एकाला खरी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. कुणाला काय मिळालं हे रुग्णालाही ठाऊक नसतं, डॉक्टरांनाही नसतं.

आता व्यवसायोपचार घ्या. पक्षाघातानंतर बटणं लावणं, आंघोळ, चहा करणं पुन्हा जमावं म्हणून थेरपिस्ट मदत करतात. इथे खोटी गोळी आणणार कुठून? आपल्याला कुणी शिकवतंय की नाही, हे रुग्णाला कळणारच. मग निदान मोजमाप करणाऱ्याला तरी गट कळू द्यायचा नाही. पण बोलता बोलता रुग्णच सांगून टाकतो, ‘त्या बाईंनी छान शिकवलं हो!’

दुसरा प्रश्न असा, की फरक पडला तो उपचारामुळे, की कुणीतरी आपुलकीने वेळ दिला म्हणून? लॉस एंजेलिसमध्ये ३६१ ज्येष्ठांवर झालेल्या, १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात यासाठी तीन गट केले होते: एकाला व्यवसायोपचार, दुसऱ्याला नुसते सामाजिक कार्यक्रम, तिसऱ्याला काहीच नाही. व्यवसायोपचाराचा गट सरस ठरला. मधला गट नसता, तर ‘सोबत मिळाली म्हणून बरं वाटलं’ ही शंका उरलीच असती.

तिसरी अडचण शेजाराची. एका वृद्धाश्रमात निम्म्यांनाच उपचार दिला, तर तिथले कर्मचारी शिकलेलं सगळ्यांनाच लागू करतील. म्हणून ब्रिटनमधल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत माणसांऐवजी अख्खे आश्रमच गटांत वाटले. २२८ आश्रम, पक्षाघात होऊन गेलेले १०४२ रहिवासी. तीन महिन्यांचा उपचार झाला, पण रोजच्या कामांच्या गुणांत लक्षणीय फरक दिसला नाही.

इथे आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना राहवत नाही. या निष्कर्षाचा अर्थ ‘व्यवसायोपचार निरुपयोगी’ असा होतो का? नाही. त्या रहिवाशांपैकी बहुतेकांचं परावलंबित्व मुळातच खूप होतं. त्यांच्यासाठी, त्या प्रमाणात, त्या मोजपट्टीवर फायदा दिसला नाही, एवढंच आपण म्हणू शकतो. पण म्हणून तो निकाल बाजूलाही सारायचा नाही. नाहीतर आपण फक्त सोयीचेच पुरावे मोजू.

तेव्हा ‘सिद्ध झालंय’ असं कुणी म्हटलं, की आपण विचारावं: कोणासाठी, कशाच्या तुलनेत आणि काय मोजून? कुणाची सेवा चालू राहणार आणि कुणाची बंद होणार, हे या उत्तरांवरच ठरत असतं.