ओव्हन म्हणजे बिनतेलाची कढई नव्हे
इटालियन धाटणीच्या तिखट चीज फ्राइज : गैरसमज आणि वस्तुस्थिती

ओव्हनमधल्या चीज फ्राइजबद्दल घरोघरी एकच तक्रार असते: कडा करपल्या, मधे लगदा झाला, वर चीजचं चामडं बसलं. मग दोष कुणाचा ते शोधणं सुरू होतं. बटाटा चांगला नव्हता, ओटीजी लहान आहे, मुंबईची हवा दमट, आणि शेवटी ‘असले पदार्थ तिकडच्या भट्टीतच व्हायचे’. यातलं सगळंच काही खोटं नाही, पण मूळ चूक निराळी आहे. आपण ओव्हनला कमी तेलाची कढई समजतो आणि तळणीचे नियम त्याला लावतो. प्रत्यक्षात ओव्हन हे वाळवण्याचं यंत्र आहे. कढईत बटाट्याला चहूबाजूंनी १७५-१८० अंश सेल्सिअसचं तेल भिडतं आणि ते उष्णता झपाट्याने आत ढकलतं. ओव्हनमधली हवा २२० अंशांची असली तरी उष्णता देण्याच्या बाबतीत ती तेलापुढे फार मंद. त्यात ताज्या बटाट्याचा जवळजवळ ८० टक्के भाग पाणी. पृष्ठभागावर ओल आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या आसपासच घुटमळतं आणि पापुद्रा धरत नाही. तेव्हा ओव्हनमधल्या फ्राइजचा सगळा प्रश्न पाण्याचा आहे: ते कसं बाहेर काढायचं, आणि ते निघेपर्यंत कशाकशाला बटाट्यापासून लांब ठेवायचं. पुढचे पाचही गैरसमज या एका मुद्द्याकडे नीट न पाहिल्याने झालेले आहेत.

गैरसमज १ : बटाटा कापावा, तेल-मसाला चोळावा आणि ट्रे आत सारावा

कच्चा बटाटा थेट ओव्हनमध्ये गेला की बाहेरचा भाग वाळेपर्यंत आतला शिजत नाही, आणि आतला शिजेपर्यंत बाहेरचा कडक होतो. यावरचा उपाय आपल्या वाळवणातच आहे. उन्हाळ्यात बटाट्याचे वेफर घालताना चकत्या तुरटीच्या पाण्यात टाकतात, अर्धवट उकडतात आणि मग कपड्यावर पसरतात. तुरटीमुळे चकती पांढरी राहते एवढंच कारण लोक सांगतात, पण ती आणखी एक काम करते. बटाट्याच्या पेशींना एकमेकींना धरून ठेवणारं पेक्टिन ती घट्ट ठेवते, त्यामुळे उकडूनही चकती फुटत नाही. आंबटाचा गुण तोच. चिंच किंवा आमसूल आधी पडलं की डाळ शिजत नाही आणि खायचा सोडा पडला की छोले मऊ होतात, हे प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. फ्राइजसाठी हाच नियम वापरायचा. बटाट्याचे बोटाएवढे, साधारण एक सेंटिमीटर जाडीचे तुकडे करावेत आणि वरचा सुटा स्टार्च जाऊन पाणी नितळ दिसेपर्यंत धुवावेत. मग लिटरभर पाण्यात टेबलस्पूनभर व्हिनेगर आणि मीठ घालून दहा मिनिटं उकडावेत. तुकडे आकार न सोडता शिजतात. पुढची पायरी बहुतेक जण वगळतात आणि खरी तीच महत्त्वाची: निथळलेले तुकडे सुती कपड्यावर सुटे पसरून, वाफ पूर्ण जाईपर्यंत पंधरा मिनिटं तसेच ठेवणं. बोट लावलं तर ते चिकटू नये, किंचित खरखरीत लागावेत. मग तेल. मग आधीपासून तापवलेला ट्रे आणि एकच थर. तुकड्यावर तुकडा चढला तर खालच्याची वाफ वरच्याला लागते आणि ओव्हनमध्ये फ्राइजऐवजी बटाट्याची भाजी तयार होते. याच कारणाने नुसता मायक्रोवेव्ह कामाचा नाही: तो आतलं पाणी तापवून बाहेर ढकलतो, पण ते वाळवणारी गरम हवा त्याच्याकडे नसते. त्यात कन्व्हेक्शनची सोय असेल तर गोष्ट वेगळी.

गैरसमज २ : लाल झाले म्हणजे झाले

रंग हा शिजल्याचा पुरावा नाही. शीतगृहात २ ते ४ अंशांत राहिलेल्या बटाट्यात स्टार्चची साखर होऊ लागते. असा बटाटा भाजीत किंचित गोड लागतो, आणि ओव्हनमध्ये पाणी जायच्या आधीच तांबूस होतो. पाहणाऱ्याला वाटतं झालं, आणि तो ट्रे बाहेर काढतो. आतला लगदा इथून येतो. वेफरचे कारखाने या कारणासाठीच बटाटा जास्त तापमानाला साठवतात, आणि शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने कुफ्री चिप्सोनासारखे कमी साखरेचे, जास्त कोरड्या गराचे वाण खास प्रक्रियेसाठी तयार केले. घरी एवढं करायची गरज नाही. बटाटा फ्रीजमध्ये ठेवू नये, आणि गोडसर लागणारा बटाटा दोन-तीन आठवडे टोपलीत, अंधाऱ्या हवेशीर जागी ठेवला तर साखर बरीच उतरते. याला आरोग्याचीही बाजू आहे. २००२ साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की स्टार्चचे पदार्थ १२० अंशांच्या वर भाजताना किंवा तळताना त्यांत ॲक्रिलामाइड तयार होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हे रसायन ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवलेलं आहे. यावर घाबरून बटाटा सोडावा असं कुणी म्हणत नाही. सल्ला साधा आहे: तुकडे पाण्यात धुवावेत किंवा भिजवावेत, आणि रंग सोनेरी झाला की थांबावं. चव आणि तब्येत इथे एकाच बाजूला आहेत.

गैरसमज ३ : लाकडाच्या भट्टीशिवाय इटालियन चव नाही

मुंबईत रे रोडच्या परिसरात या समजाची झडती घेणं सोपं आहे, कारण इंधनाचा इतिहास इथल्या नावांतच आहे. दारूखान्याला नाव मिळालं ते बंदुकीच्या दारूवरून, आणि शेजारी लकडी बंदर, कोळसा बंदर. हार्बर मार्गावरची पहिली गाडी १९१० साली कुर्ला ते रे रोड अशी धावली ती कोळशावर. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला निघालेली देशातली पहिली विजेची गाडी याच रुळांवरून गेली. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, जानेवारी २०२५ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या हवेच्या प्रश्नावर सुनावणी करताना लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या-भट्ट्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. त्यावर ‘आता पावाला ती चव राहणार नाही’ ही हळहळ ऐकू आली. बेकरीवाल्यांचा खर्चाचा आणि जागेचा प्रश्न खरा आहे, तो झटकून टाकता येत नाही. चवीचा मुद्दा मात्र तपासून पाहायला हवा. नेपल्सचा पिझ्झा ४३० अंशांच्या वरच्या भट्टीत दीड मिनिटात होतो. एवढ्या वेळात धूर त्यात काय मुरणार? तिथे काम करते ती भट्टीची प्रचंड उष्णता. नेपल्सचा पारंपरिक पिझ्झा जपणारी संघटनाही गॅसची भट्टी चालवून घेते. फ्राइजला तर एवढ्या उष्णतेचीही गरज नाही, ४३० अंशांत त्यांचा कोळसा होईल. त्यांना २२० अंश आणि पंचवीस-तीस मिनिटं हवीत, आणि ते साध्या ओटीजीत जमतं. ‘विजेचं बिल किती येईल?’ हा पुढचा आक्षेप. १५०० वॅटचा ओटीजी पाऊण तास अखंड चालला तरी ‘बेस्ट’च्या मीटरवर सव्वा युनिटही पडत नाही, आणि थर्मोस्टॅट मधे मधे बंद होत असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमी.

गैरसमज ४ : ओरेगॅनोची पुडी म्हणजे इटालियन, आणि तिखट ही आपली भर

हे नेमकं उलट आहे. पिझ्झाच्या साखळी दुकानांबरोबर ओरेगॅनो आणि चिली फ्लेक्सच्या पुड्या आल्या आणि तेवढ्यालाच आपण इटली समजू लागलो. इटलीत ओव्हनमध्ये भाजलेल्या बटाट्याची जुनी रीत म्हणजे ऑलिव्ह तेल, लसूण, रोझमेरी आणि मीठ. वाळका ओरेगॅनो मुख्यतः दक्षिणेतला. आणि तिखटाचं म्हणाल तर कालाब्रिया प्रांताचं खाणंच लाल मिरचीवर चालतं. रोमकडच्या एका तिखट टोमॅटो सॉसचं नाव ‘अराब्याता’, म्हणजे चिडलेला. बटाटा आणि मिरची, दोन्ही अमेरिका खंडातून आलेले. कोकणात ते जसे परके होते तसेच इटलीतही. तेव्हा मिरची घातल्याने पदार्थ ‘देशी’ होत नाही. कशी आणि कधी घातली यावर सगळं अवलंबून. तिखटपणा बियांत असतो हाही एक पक्का गैरसमज. तो असतो बिया ज्याला चिकटतात त्या पांढऱ्या शिरेत. हे तिखट द्रव्य पाण्यात नाही, स्निग्धात विरघळतं. म्हणून मिरची पूड कच्च्या बटाट्यावर भुरभुरवून अर्धा तास २२० अंशांत ठेवणं दुहेरी नुकसानीचं: तिखट स्निग्धात नीट उतरत नाही, शिवाय मिरची जळून कडू होते, लसूण तर तिच्याही आधी. योग्य रीत वेगळी. फ्राइजना लावायच्या तेलातलं चमचाभर बाजूला ठेवावं, शेवटी ते मंद गरम करावं, त्यात ठेचलेला लसूण टाकून वास सुटला की गॅस बंद करावा आणि मगच मिरची घालावी. तेल बघता बघता केशरी-लाल होतं. ते भाजलेल्या फ्राइजवर ओतून हलक्या हाताने खालीवर करावं. मिरची कोणती घ्यावी ते लालबागच्या मिरची गल्लीत कुणीही सांगेल: रंगाला ब्याडगी किंवा काश्मिरी, झणक्याला लवंगी किंवा संकेश्वरी. दोन वाटे पहिलीचे आणि एक दुसरीचा, हे प्रमाण बरं. मात्र चीज असेल तर थोडी मिरची वाढवायला हरकत नाही. चीजमधलं केसिन तिखट द्रव्याला धरून ठेवतं, त्यामुळे तीच मिरची सौम्य लागते. झोंबल्यावर पाण्याऐवजी दूध पितात ते यासाठीच.

गैरसमज ५ : भाजलं म्हणजे हलकं, मग चीज भरपूर

इथे हिशेब मांडूनच बोलावं. तळलेल्या फ्राइजमध्ये १०० ग्रॅमला साधारण १५ ग्रॅम स्निग्धांश असतो. अर्धा किलो बटाटा भाजून सुमारे ३०० ग्रॅम भरतो असं धरू. तितक्याच तळलेल्या फ्राइजमध्ये ४५ ग्रॅम स्निग्धांश, आणि ओव्हनमध्ये दोन टेबलस्पून तेल वापरलं तर २७. बचत घसघशीत आहे. पण त्यावर १०० ग्रॅम मोझरेला पडलं की त्याचे २२ ग्रॅम मिळून बेरीज ४९ होते, म्हणजे साध्या तळलेल्या फ्राइजच्याही पुढे. कुणी म्हणेल, तुलना तळलेल्या चीज फ्राइजशी करा. केली तर ओव्हन नक्कीच जिंकतो, पण मग ‘हलकं’ हा शब्द तेवढा जपून वापरावा. इटालियन स्वयंपाकाकडून खरं घ्यायचं ते इथे: चीज थोडं, पण मुरलेलं. परमेसान जातीचं कडक चीज वर्षभर किंवा त्याहून जास्त मुरवलेलं असतं. त्याची चव इतकी गडद की बारीक किसलेलं ३० ग्रॅम पुरतं, आणि बेरीज ३६ ग्रॅमच्या आसपास थांबते. तार हवीच असेल तर मूठभर मोझरेला जोडीला चालेल. दोन्ही शेवटच्या दोन-तीन मिनिटांतच घालावीत. आधी घातलेलं चीज फ्राइजवर झाकणासारखं बसतं, खालची वाफ कोंडते आणि स्वतः तेल सोडून चामडं होतं. पनीर किसून टाकण्याचा प्रयोग तर करूच नये. दूध आंबटाने नासवून केलेलं पनीर वितळत नाही, नुसतं सुकतं. शाकाहारी घरांनी आणखी एक पाहावं: अस्सल पार्मिजानो रेज्जानो वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजलेलं असतं. भारतात सूक्ष्मजीवांपासूनच्या रेनेटवर बनलेलं चीज मिळतं, त्याच्या पाकिटावर हिरवा ठिपका असतो. घटकांच्या यादीत वनस्पती तेल दिसलं तर ते चीज नव्हे, चीजची नक्कल.

उरतो शेवटचा आणि सगळ्यांत रास्त आक्षेप: उकडा, वाळवा, भाजा, त्यापेक्षा कढईत सोडलेलं काय वाईट? एका बैठकीपुरतं काहीच वाईट नाही. ताज्या, नीट तापलेल्या तेलात तळलेली फ्राय ओव्हनपेक्षा कुरकुरीतच होणार, हे मान्य करायला हवं. ओव्हनचा पक्का फायदा तळणीनंतर उरलेल्या तेलात दिसतो. तेच तेल पुन्हा पुन्हा तापलं की त्यात ध्रुवीय संयुगं वाढत जातात. त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांवर गेलेलं तेल खाद्यपदार्थांसाठी वापरायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून मनाई केली आहे. घरातल्या कढईत ते कुणी मोजत नाही. ओव्हनच्या ट्रेवर तेल उरतच नाही, म्हणून मोजायचा प्रश्न येत नाही. आणि दमट हवेचं? बंदराकाठची हवा ओली खरी, पण ओव्हनमधून काढल्यावर पहिल्या दहा मिनिटांत फ्राइज मऊ पडतात ते त्यांच्याच पोटातल्या वाफेने. गरम राहावेत म्हणून वर ताटली झाकली की तीच वाफ परत पापुद्र्यात शिरते आणि अर्ध्या तासाचं वाळवण वाया जातं. म्हणून शेवटची सूचनाही पाण्याचीच: उघड्या ताटलीत, एका थरात वाढावेत आणि लगेच खावेत.