एक भारा वाडे आणि पंधरा शून्यं

जोतिबाच्या डोंगरावरून, सुमारे 3,100 फुटांवरून, खाली पाहिलं की जिकडंतिकडं ऊस. गळीत हंगाम सुरू झाला की तोडणीवाले वाडे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकायला काढतात आणि पंचक्रोशीतल्या गोठ्यांचा वैरणीचा प्रश्न मिटतो. निदान मिटल्यासारखा वाटतो.

वैरण म्हैस खाते, हे अर्धंच खरं; खरे खाणारे तिच्या पोटातले जिवाणू. तिच्या कोठीपोटात साधारण 100 लिटर माल आंबत असतो. त्याच्या एका मिलिलिटरमध्ये 10 अब्जांच्या आसपास जिवाणू. पृथ्वीवरची माणसं 8 अब्ज! अख्ख्या पोटाचा हिशेब 1 वर 15 शून्यं, जुन्या मोजणीतलं ‘अंत्य’. आपल्या आकाशगंगेत कमीत कमी 100 अब्ज तारे धरले, तर दहा हजार आकाशगंगा एका दावणीला बांधलेल्या. हे खटलं चालवायला जबडा दिवसाला 30-40 हजार वेळा हलतो. पोटातलं आम्ल आवरायला लाळेतून किलोभराहून जास्त खाण्याचा सोडा उतरतो.

आता या जिवाणूंच्या पुढ्यात काय पडतं ते बघू. 40 किलो वाडे म्हणजे डोळ्यांना केवढा ढीग! पाणी वजा केलं की उरतो जेमतेम 12 किलो कोरडा चारा. त्यात प्रथिनं 5 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे 600 ग्रॅम. निम्मी पचली तर 300. म्हशीच्या 10 लिटर दुधातून 400 ग्रॅम प्रथिनं बाहेर जातात, तिच्या अंगाची गरज वेगळीच. शिवाय प्रथिनं 7 टक्क्यांखाली गेली की जिवाणूच मंदावतात. चारा पोटात तुंबतो, म्हैस तोंड फिरवते आणि आपण म्हणतो, नखरे करते. कडबा तर 3-4 टक्क्यांवरच अडतो. लसूणघास 18-20 पर्यंत जातो. वाड्यांतलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं ते निराळंच, म्हणून चुन्याची निवळी शिंपडायची.

प्रथिनं मोजायची रीत 1883 सालची, केल्डाल यांची: नत्र मोजा, 6.25 नं गुणा. चिवट तंतू वेगळे काढायची पद्धत पीटर व्हॅन सोस्ट यांनी 1960 च्या दशकात बसवली. दोन्हींना प्रयोगशाळा लागते. पाणी मोजायला मात्र घरचा काटा पुरे. किलोभर वाड्यांची कुट्टी करून वजन उतरायचं थांबेपर्यंत कडक उन्हात वाळवा. 250 ते 300 ग्रॅम भरेल. भाऱ्याचा भाव त्या वजनाला लावून पाहा, मग सरकी पेंड महाग की वाडे, ते ठरवा.