फोटो छान आहे, पण...

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर तुम्ही कधी गेला असाल, तर मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. गणपतीच्या देवळाबाहेर लोटलेली ती नव्या कपड्यांची गर्दी आणि त्या गर्दीत जागोजागी गळ्यात कॅमेरा अडकवलेली पोरं. मोबाइल तर प्रत्येकाच्या हातात. दुपारच्या जेवणापर्यंत त्या एका रस्त्याचे फोटो पार अमेरिकेतल्या मावशीपर्यंत पोचलेले असतात आणि प्रत्येक फोटोखालचे शब्द ठरलेले : ‘अप्रतिम’, ‘कडक’, ‘लय भारी’, ‘नि:शब्द’. हा ‘नि:शब्द’ मला फार आवडतो. नि:शब्द झालेला माणूस तेवढा एक शब्द टाइप कसा करतो, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

मी कवी माणूस. राहायला कल्याणला, दूधनाक्याच्या बाजूला. फोटोग्राफी हा माझा धंदा नाही, शौक आहे. वीसेक वर्षांपूर्वी हप्त्याने एक डिजिटल कॅमेरा घेतला तेव्हापासूनचा. मात्र दाद देणं आणि दाद घेणं या विषयात माझी निम्मी हयात गेली आहे. मुशायऱ्यात शेर आवडला की लोक ‘वाहवा’ म्हणतात, ‘मुकर्रर’ म्हणून पुन्हा वाचायला लावतात. ते ऐकायला कोणाला आवडत नाही? पण आमच्याकडे मुशायऱ्याच्या आधी आणखी एक पायरी असते. तिला इस्लाह म्हणतात. इस्लाह म्हणजे दुरुस्ती. शागिर्दाने गझल लिहून उस्तादापुढे ठेवायची, उस्तादाने एखादा शब्द बदलायचा, एखादा शेर खोडायचा, आणि मगच ती गझल चारचौघांत वाचायची. दिल्लीचा बादशहा बहादूरशाह जफर कवी होता, पण बादशहा झाला म्हणून तो यातून सुटला नाही. जौक त्याचे उस्ताद होते; १८५४ मध्ये ते वारल्यावर गालिब आले. गालिब तर टपालाने इस्लाह करायचे. सिकंदराबादच्या हरगोपाल तफ्तांना त्यांनी लिहिलेली पत्रं आजही वाचायला मिळतात. आपल्या मराठीत सुरेश भटांनी नव्या गझलकारांसाठी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली, तीही याच घराण्यातली गोष्ट.

म्हणजे खोल्या दोन होत्या. एक दिवाणखाना, जिथे दाद मिळायची, आणि एक आतली खोली, जिथे कान धरला जायचा. फोटोंच्या बाबतीतही ही आतली खोली पूर्वी होती. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच निघाली, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावल्यावर दीडेक वर्षात. डॉ. भाऊ दाजी लाड तिच्यात होते आणि त्यांचे बंधू नारायण दाजी हे तर स्वत:च छायाचित्रकार. पुढे १९३७ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया आली. अशा संस्थांतून फोटो कागदावर छापून नेऊन जाणत्यांसमोर मांडायचा आणि ते काय बोलतात ते मुकाट ऐकायचं, ही रीतच होती. आता फोटो काढल्यापासून अर्ध्या मिनिटात थेट दिवाणखान्यात जातो. आतली खोली कुणी पाडली असं नाही; तिकडे जायचं आपण विसरलो.

याची किंमत काय असते, ते मला घरच्या कार्यात कळलं.

आमच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचा मुलगा, डोंबिवलीचा, गुणी पोरगा. काळा तलाव, दुर्गाडी, पारसिकच्या बोगद्यातून बाहेर पडणारी लोकल असे फोटो काढायचा आणि आमच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर टाकायचा. सगळे ‘अप्रतिम’ लिहायचे. मीही लिहायचो, वर कवी असल्यामुळे जरा नटवून लिहायचो. दोन वर्षं हे चाललं. मग एक दिवस पोराने नोकरी सोडली, कर्ज काढून कॅमेरा घेतला आणि लग्नाच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली. वडील चिंतेत होते. मीच त्यांना म्हणालो, ‘अहो, हात आहे पोराला!’ नुसतं म्हणून थांबलो नाही, माझ्या भाचीच्या निकाहचं काम त्यालाच दिलं.

अल्बम आला तेव्हा बहीण बराच वेळ काही बोलली नाही. बारा बाय अठराच्या कागदावर मोठे झालेले ते फोटो. मुलीने निकाहनाम्यावर सही केली तो क्षण हललेला. नवऱ्याची पांढरी शेरवानी राखेच्या रंगाची. ग्रुप फोटोत निम्म्यांचे पाय घोट्यापाशी कापलेले. आणि आमच्या अम्मीने नातीच्या डोक्यावर हात ठेवला, तो त्या दिवसातला एकच फोटो, तोही धूसर. अम्मी त्यानंतर चार महिन्यांनी गेली.

मी त्या मुलाला बोलवून घेतलं. आवाज चढवणार होतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि खाली मान घालून एवढंच विचारलं, ‘काका, हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण त्याचे आधीचे फोटोही मी कधी नीट पाहिलेच नव्हते. बोटाने वर सरकवत होतो आणि सरकवता सरकवता शाबासकी देत होतो.

नंतर आम्ही दोघांनी बसून ते जुने फोटो कॉम्प्युटरवर मोठे करून पाहिले. दोष तेव्हाही होते. पण मोबाइलचा पडदा हा मोठा लबाड आहे. तळहाताएवढ्या काचेवर किंचित हललेला फोटोही रेखीव दिसतो. त्यात आपण तो नेहमीच्या पद्धतीने व्हॉट्सॲपवरून पाठवला, तर वाटेत तो दाबून लहान केला जातो. दोन कोटी चाळीस लाख बिंदूंच्या चित्रातले पलीकडे जेमतेम वीसेक लाख पोचतात. तेव्हा पाहणाऱ्याला फोकस चुकल्याचं कळणार कसं? त्याला दिसतो तो रंग. म्हणून भडक सूर्यास्ताला दाद जास्त मिळते आणि मुलगा शिकतो काय, तर रंग वाढवायला.

लग्नाच्या हॉलमध्ये रंग वाढवून भागत नाही. तिथे उजेड कमी. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी साधी लेन्स पुढे ओढली की तिचं तोंड बारीक होतं, एफ ५.६ च्या पुढे उघडतच नाही. मग पुरेसा प्रकाश आत घ्यायला शटर जास्त वेळ उघडं राहतं. सेकंदाचा पंधरावा भाग ऐकायला किती थोडा वाटतो! पण तेवढ्यात काढणाऱ्याचा हात हलतो आणि समोरचा माणूसही. उपाय आहेत : आयएसओ वाढवायचा आणि थोडे दाणे सोसायचे, मोठ्या तोंडाची पन्नास मिलिमीटरची लेन्स घ्यायची, किंवा फ्लॅश तोंडावर न मारता छतावर मारून उजेड खाली आणायचा. शेरवानीचंही तसंच. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं. चौकटभर पांढरं आलं की ते त्याला फार उजळ वाटतं आणि ते त्याला करडं करून टाकतं. अशा वेळी माणसाने हाताने एक्स्पोजर वाढवायचं असतं. यातलं एकही वाक्य अवघड नाही. दोन वर्षांत ते कुणी त्याला सांगितलं असतं, तर बहिणीचा अल्बम वेगळा झाला असता.

आता तुम्ही म्हणाल, मग सरळ चुका काढत सुटावं का? तर तेही नाही. २००६ सालची एक गंमत सांगतो. फ्लिकर या संकेतस्थळावर एक गट होता, चित्र ठेवावं की काढून टाकावं यावर मतं देणारा. एकाने तिथे आंरी कार्तिए-ब्रेसाँ या जगप्रसिद्ध फ्रेंच छायाचित्रकाराचा १९३२ चा फोटो नाव न सांगता टाकला. वरून दिसणारा वळणावळणाचा जिना आणि खाली रस्त्यावरून सुळकन निघून जाणारा, हललेला सायकलवाला. झालं! मंडळी तुटून पडली. धूसर आहे, अमुक नाही, तमुक चुकलं, काढून टाका. हे लोक अडाणी नव्हते. त्यांना नियम येत होते, पण फोटोत काय चाललंय ते त्यांनी पाहिलं नाही, नियमांची यादी पाहिली. माझी ‘वाहवा’ आणि त्यांचं ‘काढून टाका’ यांत फारसा फरक नाही. दोघांनीही फोटो पाहिलेला नव्हता.

तेव्हापासून मी स्वत:ला एक सवय लावली आहे. मत देण्याआधी फोटोत काय दिसतं ते साध्या शब्दांत लिहायचं. ‘नजर आधी लाल फुग्याकडे गेली, मग आजोबांकडे.’ एवढं लिहिलं तरी काढणाऱ्याचं निम्मं काम होतं. त्याला आजोबा दाखवायचे असतील, तर फुगा आड येतोय हे त्याचं त्यालाच कळतं. नाही कळलं, तर विचारायचं, ‘तुला काय दाखवायचं होतं?’ मग एकच गोष्ट सांगायची, आणि तीही पुढच्या वेळी त्याला करता येईल अशी. दोन पावलं डावीकडे सरक, गुडघ्यावर बस, कडेचा विजेचा खांब काप. ‘फोटोत आत्मा नाही’ असलं काही लिहू नये. आत्मा कुठल्या दुकानात मिळतो? आणि दोष शक्यतो त्याच्या एकट्याच्या कानात सांगावा, तीच आतली खोली.

फक्त एका बाबतीत मी थांबत नाही. ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो येतात. २०१५ मध्ये तिथे अभयारण्य जाहीर झालं, २०२२ मध्ये खाडी रामसर यादीत गेली, आणि फोटो काढणाऱ्यांची रीघ लागली. शांतपणे चिखलात चरणाऱ्या थव्याचा फोटो कुणाला फारसा नको असतो. उडणारा थवा हवा असतो. मग नाव जवळ नेली जाते, पक्षी दचकून उठतात, त्यांचं खाणं बुडतं. येऊरच्या जंगलात घरट्यासमोरची पानं बाजूला करून काढलेला पिल्लांचा फोटोही मी पाहिला आहे. चित्र सुरेख होतं. पण पानं गेली की ते घरटं कावळ्यालाही तितकंच स्वच्छ दिसतं. अशा फोटोला दिलेला प्रत्येक ‘अप्रतिम’ म्हणजे पुढच्या माणसाला पाठवलेलं आमंत्रण. तिथे मी सरळ लिहितो, सगळ्यांसमोर लिहितो आणि वाईटपणा घेतो.

ऐकून घेणं मात्र सांगण्यापेक्षा अवघड, हे कबूल केलं पाहिजे. मी एकदा दुर्गाडीचा फोटो काढला होता. मावळतीचं आकाश, खाली खाडी, आणि त्यावर माझ्याच चार ओळी. कल्याणात एक जुने स्टुडिओवाले आहेत, निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने रिटचिंग करण्यात ज्यांचं तारुण्य गेलं असे. कौतुकाने त्यांना दाखवला. चष्मा वर करून म्हणाले, ‘भाई, तुमची खाडी डावीकडे सांडतेय.’ क्षितिज तिरकं होतं! मग म्हणाले, ‘छत्तीसचा रोल असता, तर हा दाबला असता का?’ मी दोन दिवस त्यांच्या गल्लीतून गेलो नाही. काय काय कारणं मनात तयार केली : मुद्दामच तिरकं घेतलं, प्रवाह सुचवायचा होता, वगैरे. तिसऱ्या दिवशी फोटो पुन्हा उघडला. खाडी सांडतच होती. आणि त्या चार ओळीही जास्त होत्या, हे त्यांनी सांगितलं नव्हतं, माझं मलाच दिसलं. म्हणून आता कुणी काही बोललं की मी लगेच उत्तर देत नाही. एक रात्र जाऊ देतो. एकाने सांगितलं तर विचार करतो. एकमेकांना न ओळखणाऱ्या तिघांनी तेच सांगितलं, तर पुढे वाद घालत नाही.

तो मुलगा आता दुसऱ्या एका फोटोग्राफरच्या हाताखाली काम करतो. कर्ज फिटत आलंय. फोटो मला आधी एकट्याला पाठवतो आणि खाली लिहितो, ‘काका, छान म्हणू नका.’ परवा लोकलच्या दारातला एक पाठवला होता. मी लिहिलं, ‘नजर आधी मागच्या जाहिरातीवर गेली.’ त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं.

अम्मीचा तो धूसर फोटो बहिणीने अल्बममधून काढला आणि चौकट करून भिंतीवर लावला. मी म्हणालो, ‘अगं, हा हललेला आहे.’ ती म्हणाली, ‘भाई, शेवटी शेवटी अम्मीचा हात असाच थरथरायचा.’ हे मी त्या मुलाला अजून सांगितलेलं नाही. फोटो हललेला आहे, तो शटरमुळेच हललेला आहे, आणि त्याला ते माहीत असलेलं बरं.