जुलाबाचे पहिले सहा तास

मुळशीत पाऊस सुरू झाला की पुण्याच्या गाड्या ताम्हिणीकडे धावू लागतात. धबधबे, धुके, भाजलेली कणसे. त्याच दिवसांत तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवर आणखी एक हंगाम सुरू होतो, त्याचे फोटो कुणी काढत नाही. पहिल्या जोरदार सरींबरोबर उतारावरची घाण विहिरीत, झऱ्यात, ओढ्याकाठच्या डबक्यात उतरते आणि काही दिवसांतच घराघरांत लहान मुलांना पातळ संडास होऊ लागते.

प्रसंग बहुतेकदा असा घडतो. दीड-दोन वर्षांच्या मुलाला रात्री दोनच्या सुमारास पहिला जुलाब होतो, पहाटेपर्यंत चार होतात. मूल पाणी मागते. घरातली म्हातारी म्हणते, ‘पाणी देऊ नको, अजून लागेल त्याला.’ सकाळी गावातल्या डॉक्टरकडे एक सुई होते, एक बाटलीतले औषध मिळते. दुपारी मुलाचे डोळे खोल गेलेले असतात, रडताना पाणी येत नाही, लघवी सकाळपासून झालेली नसते. मग जीप शोधायची आणि पौडच्या ग्रामीण रुग्णालयाची वाट धरायची. तिथे पोहोचेपर्यंत पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू खाली बसते. परिचारिका हाताला, पायाला, डोक्याला शीर शोधते आणि शीर सापडत नाही, कारण तिच्यात भरायला रक्तातले पाणीच उरलेले नसते. पहाटे ज्या मुलाला चमच्या-चमच्याने दोन वाट्या पाणी पुरले असते, त्याच्यासाठी आता तालुक्याची यंत्रणा धावत असते.

हिशेब साधा आहे. आठ-दहा किलोच्या मुलाच्या अंगातून अर्धा लिटर पाणी गेले की शरीर कोरडे पडल्याची लक्षणे दिसू लागतात. एक लिटर गेले तर जीव धोक्यात येतो. मोठ्या माणसाला एक लिटर म्हणजे थकवा. त्या मुलाला तेच एक लिटर म्हणजे वजनाचा दहावा हिस्सा. कुपोषित मूल त्याच वयात आणखी हलके असते, म्हणून त्याची वेळ आणखी लवकर येते. जंतू कोणता, हा प्रश्न नंतरचा. बहुतेक मुले जंतूने नव्हे, पाणी आणि क्षार गेल्याने दगावतात.

म्हातारीचे म्हणणे मूर्खपणाचे नाही, हे डॉक्टरांनीही समजून घ्यायला हवे. पाणी पाजले की लगेच जुलाब होतो, हे तिने डोळ्यांनी पाहिलेले असते. नुसते पाणी सुजलेल्या आतड्यात नीट शोषले जात नाही, हेही खरे. चूक एवढीच की त्यावरचा उपाय पाणी तोडणे हा नाही.

आतड्याच्या आतल्या पेशींवर सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीने आत घेणारी एक वाट असते. मीठ आणि साखर योग्य प्रमाणात एकत्र आली की ती दोघे आत जातात आणि त्यांच्या मागून पाणी ओढले जाते. १९६०च्या सुमारास ही यंत्रणा उलगडली. पटकीसारख्या भयंकर आजारातही ही वाट बंद पडत नाही, हे लक्षात आले आणि बालरोगशास्त्राचे चित्र बदलले. म्हणून प्रमाणाला इतके महत्त्व. साखर कमी पडली तर मीठ आत जात नाही; साखर फार झाली तर ती आतड्यातच राहते आणि उलट शरीरातले पाणी बाहेर खेचते. ‘साखर जास्त घातली तर ताकद येईल’ हा समज इथे घात करतो.

या ज्ञानाची खरी परीक्षा १९७१मध्ये बांगलादेशच्या युद्धात झाली. सीमेजवळच्या बनगावच्या रुग्णालयात निर्वासितांची गर्दी होती, पटकी पसरली होती, रुग्ण जमिनीवर पडले होते आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांच्या पुड्या कोलकात्याहून करून आणल्या, पिंपात पाणी भरून त्यात मिसळल्या आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाणी पाजायला सांगितले. मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्के होते, ते चार टक्क्यांच्या खाली आले. ते पाणी पाजणारे ना डॉक्टर होते ना नर्स; आया, भाऊ, शेजारी होते. महालनोबीस २०२२मध्ये वारले आणि त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले, तोपर्यंत देशातल्या बहुतेक लोकांनी त्यांचे नावही ऐकले नव्हते.

महाराष्ट्रात याच पुडीला जलसंजीवनी म्हणतात. १९८०च्या आसपास जगात अतिसाराने वर्षाला चाळीस लाखांहून अधिक बालके मरत असल्याचा अंदाज होता. आज तो आकडा साडेचार लाखांच्या आसपास आहे. स्वच्छ पाणी, लसी, आहार या सगळ्यांचा त्यात वाटा आहे, पण पुडीचा वाटा मोठा.

मग अजूनही मुले का जातात? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जुलाब झालेल्या मुलांपैकी सुमारे ६१ टक्के मुलांनाच ओआरएस मिळाले होते. झिंकच्या गोळ्या तर जेमतेम ३० टक्क्यांना. पुडी महाग नाही, आरोग्य केंद्रात फुकट मिळते, आशाताईच्या पिशवीत असते. डॉक्टरांनाही ती ठाऊक असते. २०२४मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात कर्नाटक आणि बिहारमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संशोधकांनी प्रशिक्षित माणसे दोन वर्षांच्या आजारी मुलाचे वडील म्हणून खासगी वैद्यकीय व्यावसायिकांकडे पाठवली. ओआरएस न लिहिण्याची कारणे तपासली, तेव्हा साठा नसणे किंवा दुसऱ्या औषधात जास्त नफा असणे ही कारणे किरकोळ ठरली. सर्वांत मोठे कारण निघाले ते डॉक्टरांच्या मनातले: ‘पेशंटला ओआरएस नको असते, त्याला खरे औषध हवे असते.’ ज्या ‘वडिलांनी’ आपणहून ओआरएसला पसंती दाखवली, त्यांना ते कितीतरी अधिक वेळा मिळाले.

पुणे जिल्ह्यातल्या कोणत्याही बाह्यरुग्ण विभागात बसलेल्याला हे नवल वाटणार नाही. पुडी हातात दिली की पालकाचा चेहरा पडतो. ‘सलाईन लावा ना साहेब.’ पिणारे, जागे, उलटी आटोक्यात असलेले मूल असेल तर सलाईनची बाटली पुडीपेक्षा सरस नाही. साध्या सलाईनमध्ये मीठ असते, पण जुलाबातून जाणारे पोटॅशियम नसते. ते पुडीत असते. पण बाटली टांगलेली दिसते, पुडी दिसत नाही. जुलाब थांबवणारी गोळी आणि गरज नसताना दिलेले अँटिबायोटिक यांचे तेच. लहान मुलाला जुलाब दाबणारी गोळी देणे तर धोक्याचे, आतडे फुगून बसते. रक्त पडत असेल किंवा पटकीचा संशय असेल तेव्हा अँटिबायोटिकची जागा आहे, एरवी फारशी नाही.

त्यात बाजाराने आणखी गोंधळ घातला. कागदी खोक्यातली, फळांच्या चवीची गोड पेये ‘ओआरएस’ हे शब्द नावात घेऊन औषधांच्या दुकानांत वर्षानुवर्षे विकली गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एका लिटरमध्ये साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असते; यांतल्या काही पेयांत साखर त्याच्या कितीतरी पट. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध आठ वर्षे झगडा दिला. अखेर ऑक्टोबर २०२५मध्ये देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला मनाई केली. तरी दुकानात मागताना पुडीच मागावी आणि तिच्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे ना, ते वाचून घ्यावे.

मुळशी हा भाताचा तालुका. इथल्या घरात दुसरे एक चांगले द्रव आधीपासून शिजत असते, ते म्हणजे पेज. तांदळातले पिष्ट आतड्यात सावकाश पचते, त्यातून ग्लुकोज थोडे थोडे सुटते, त्यामुळे एकदम साखर पडल्यासारखे होत नाही. पटकीच्या रुग्णांवर तांदळापासून केलेल्या द्रावणाचे प्रयोग झाले आहेत आणि ते चांगले ठरले आहे. पातळ पेजेत चिमूटभर मीठ, डाळीचे निवळ, मीठ घातलेले ताजे ताक हे सगळे पुडी हाती येईपर्यंत चालते. अंगावरचे दूध तर क्षणभरही तोडायचे नाही. साखर-मिठाचे पाणी घरी करायचेच झाले तर ‘मूठ’ आणि ‘चिमूट’ यांवर विसंबू नये, कारण प्रत्येकाची मूठ वेगळी. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या चमच्याने सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चव डोळ्यांतल्या अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये.

झिंककडे मात्र सगळ्यांचेच दुर्लक्ष होते. सहा महिन्यांवरील मुलाला रोज २० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून, चौदा दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबतात आणि गोळ्यांची पट्टी फळीवर पडून राहते. पण झिंक हे केवळ आजच्या जुलाबासाठी नसते. आतड्याचे अस्तर भरून यायला आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब होऊ नयेत यासाठी ते असते. ज्या मुलाला पावसाळ्यात तीनदा जुलाब होतात, ते तीनदा वजन गमावते, आणि दिवाळीनंतर अंगणवाडीताईच्या वजनकाट्यावर ते दिसते.

हा झाला आजार झाल्यावरचा भाग. तो होऊ नये यासाठी पाण्याकडे वळावे लागते, आणि इथे मुळशीची गोष्ट जरा बोचरी आहे. १९२१मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली ज्या धरणाविरुद्ध मावळ्यांनी सत्याग्रह केला, त्या धरणाचे पाणी आजही डोंगर उतरून पश्चिमेला रायगडातल्या भिऱ्याच्या वीजकेंद्राकडे जाते. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण जलाशयाच्या काठावरच्या गावांना कुणी शिकवावी लागत नाही. एप्रिल-मेमध्ये विहिरीचा तळ दिसतो, बायका झऱ्यातून वाटीवाटीने पाणी भरतात. तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, हिंजवडीच्या उंच इमारतींखालच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांत टँकरचे पाणी निळ्या पिंपात साठते. दोन्हीकडे पाणी थोडे, साठवण उघडी आणि हात धुवायला पाणी खर्च करणे जिवावर येणारे.

गावाच्या विहिरीत टीसीएल पावडर टाकायची जबाबदारी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाची. ती टाकल्यावर अर्ध्या तासाने ओटी टेस्ट करून पाणी पिवळसर होते का, हे पाहायचे असते. तो पिवळा रंग म्हणजे पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे. वर्षातून दोनदा स्रोतांची पाहणी होते आणि गावाला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. व्यवस्था चांगली आहे. पण पावडर ओल्या पोत्यात पडून राहिली की तिच्यातला क्लोरीन उडून जातो आणि मग टाकली काय, न टाकली काय सारखेच. शिवाय विहिरीतले स्वच्छ पाणी घरातल्या घागरीत पेला बुडवताना बोटांनी पुन्हा घाण होते. लांब दांड्याचे ओगराळे ही त्यावरची सर्वांत स्वस्त युक्ती.

दूषित पाण्याकडे ‘पोट बिघडले’ एवढ्यावर दुर्लक्ष करणाऱ्यांना जानेवारी २०२५ आठवावा. पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गिया-बारे सिंड्रोमच्या रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली, हातपाय लुळे पडले, काहींना व्हेंटिलेटर लागले, काही दगावले. अनेकांना आधी जुलाब झाले होते आणि काही नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जुलाबाचाच जंतू सापडला.

रोटाव्हायरसच्या जुलाबाला मात्र लस आहे, पुण्यातही तयार होते, आणि २०१९पासून राज्याच्या नियमित लसीकरणात सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना तोंडावाटे फुकट मिळते. पुण्यात तयार झालेली लस जगभर जाते आणि चाळीस किलोमीटरवरच्या कातकरी वस्तीतले बाळ कधीकधी तिला मुकते. कारण लसीत नाही, स्थलांतरात आहे. दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर जाते, पावसाच्या तोंडावर परतते. मधल्या काळात जन्मलेले बाळ ना गावच्या यादीत, ना भट्टीच्या. भट्टीवर जन्मलेल्या बाळाचे लसीकरण कार्ड आईने सोबत बाळगले, तर ते कोणत्याही उपकेंद्रात चालते.

नळाचे शुद्ध पाणी सगळ्या वाड्यांवर पोहोचायला वर्षे लागतील. पुडी आजच्या रात्री पोहोचू शकते, फक्त ती जुलाब सुरू होण्याआधी घरात हवी. पावसाळ्याआधीच्या अतिसार नियंत्रण मोहिमेत आशाताई पाच वर्षांखालच्या मुलांच्या घरी पुडी देतात. ती देताना आईलाच समोर एकदा कालवायला सांगावी: पूर्ण पुडी, पूर्ण एक लिटर पाणी. अर्धी पुडी पेल्यात नाही. पाण्याच्या एक लिटरच्या बाटलीने मोजले की चुकत नाही. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, मोठ्याला अर्धा ते एक कप, चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा, आणखी सावकाश. उरलेले चोवीस तासांनंतर ओतून द्यावे.

मूल पीतच नाही, सुस्त पडले आहे, प्यालेले सगळे उलटून पडते आहे, संडासात रक्त आहे किंवा सहा तासांत लघवी नाही, तर घरी थांबू नये. १०८ला फोन करावा, आणि मूल शुद्धीत असेल, गिळत असेल, तर गाडी येईपर्यंत व गाडीत बसल्यावरही चमचा चालू ठेवावा.