हवेतल्या अदृश्य भिंती

१३ ऑक्टोबर २०२३. ऑकलंडच्या पश्चिमेकडचं न्यू लिन हे उपनगर. सुमारे दोन महिने उमेदवारांचे हसरे चेहरे रस्त्यांच्या कडेला उभे होते, प्रत्येक फलक जास्तीत जास्त तीन चौरस मीटरचा. रात्री बाराच्या आत ते सगळे उतरवायचे होते. दुसऱ्या दिवशी मतदान, आणि मतदानाच्या दिवशी प्रचाराचा फलक झळकवणं हा न्यूझीलंडमध्ये गुन्हा! कुठल्यातरी दादांच्या वाढदिवसाचं फ्लेक्स पुढच्या वाढदिवसापर्यंत फडफडताना पाहिलेल्या आपल्यासारख्यांना हे खोटंच वाटेल.

पण खरी गंमत निवडणुकीची नाहीच. कुठला फलक लावायचा, कुठली इमारत उठवायची, हे एरवी तिथे ठरतं कसं, ते बघा.

एका दुकानावर पाटी आहे: ‘ताजी पावभाजी’. आत पावभाजी मिळत असेल, तर ती दुकानाची पाटी. आता आतलं दुकान बदललं, तिथे चपला विकायला लागले आणि पाटी तशीच राहिली. अक्षरं तीच, आकार तोच, रंग तोच. तरी ती पाटी आता ‘बिलबोर्ड’! ऑकलंडच्या विकास आराखड्यात बिलबोर्डची व्याख्याच अशी आहे: त्या जागेवर जे चालतं त्याच्याशी थेट संबंध नसलेल्या गोष्टीची जाहिरात. म्हणजे पाटीची जात पाटीवरून ठरत नाही, तिच्यामागे काय चाललंय त्यावरून ठरते.

हा विचार कुठून आला? न्यूझीलंडने १९९१ मध्ये रिसोर्स मॅनेजमेंट ॲक्ट केला. या कायद्याचा मुख्य प्रश्न साधा आणि विलक्षण आहे. तुम्ही काय बांधताय, यापेक्षा त्याचा इतरांना काय त्रास होणार? सावली किती पडेल? झगमगाट कुणाच्या खिडकीत शिरेल? गाडी चालवणाऱ्याची नजर रस्त्यावरून हटेल का? एकदा हा प्रश्न धरला की उत्तरं फार मजेशीर निघतात.

समजा, तुमच्या बांधकामामुळे शेजाऱ्याच्या अंगणातलं ऊन जाणार आहे. तुम्ही त्याच्याकडे नकाशा घेऊन गेलात आणि त्याने लेखी संमती दिली. मग? मग परवानगीचा निर्णय घेताना त्याच्यावर होणारा परिणाम कौन्सिलला, म्हणजे तिथल्या पालिकेला, विचारात घेताच येत नाही. सावली तर पडणारच, पण कायद्याच्या नजरेतून ती नाहीशी झाली. एका सहीने!

आणि समोरचा दुकानदार ‘यांच्या फलकामुळे माझं गिऱ्हाईक पळेल’ म्हणाला तर? त्याचा उपयोग शून्य. धंद्यातली स्पर्धा लक्षात घ्यायला कायद्याने मनाई आहे. मला हे कलम फार आवडतं. किती भांडणं दारातच संपत असतील!

याहून अजब म्हणजे, तुमच्या इमारतीची तुलना कधीच न बांधलेल्या इमारतीशी होऊ शकते. परवानगी न मागताही जेवढं बांधायची तुम्हाला मुभा आहे, तेवढ्या काल्पनिक इमारतीने जी सावली पडली असती, ती कौन्सिल हिशेबातून वगळू शकते. उरलेल्या सावलीपुरतीच चर्चा.

ही मुभा मोजायची कशी? इथे भूमिती येते. ऑकलंडच्या २०१६ पासून लागू झालेल्या आराखड्यात, एकेकट्या घरांच्या झोनमध्ये, शेजाऱ्याच्या हद्दीवर जमिनीपासून अडीच मीटर वर जायचं आणि तिथून आपल्या प्लॉटच्या आत ४५ अंशांत चढणारी एक रेषा मनात ओढायची. घर या तिरक्या पातळीच्या आत मावलं पाहिजे, शिवाय आठ मीटरच्या खाली. प्रत्येक प्लॉटवर न दिसणारा काचेचा तंबूच ठोकलेला असतो म्हणा ना! दक्षिण गोलार्धात ऊन उत्तरेकडून येतं, त्यामुळे दक्षिणेकडच्या शेजाऱ्याला या तंबूचा खरा आधार.

न्यू लिनचा मध्यभाग मात्र ‘मेट्रोपोलिटन सेंटर’ झोनमध्ये. या झोनची सर्वसाधारण मर्यादा थेट ७२.५ मीटर. कौलं, विटा आणि क्राउन लिन ब्रँडच्या कपबशा बनवणाऱ्या, चिकणमातीवर जगलेल्या गावाच्या डोक्यावर एवढं आकाश मोकळं केलं! इथेच १९६३ मध्ये लिनमॉल उघडला होता, देशातला पहिला अमेरिकी धाटणीचा मॉल.

पण सार्वजनिक काम आलं की हे तंबू, या मर्यादा, सगळं बाजूला सरू शकतं. रेल्वे, शाळा, रस्ता बांधणाऱ्या अधिकृत संस्थांकडे ‘डेझिग्नेशन’ नावाचं हत्यार असतं. ठरावीक जमीन ठरावीक कामासाठी नकाशावर राखून घ्यायची. हरकती ऐकल्या जातात, सुनावणी होते, पण एकदा ती राखली की त्या कामापुरते खालच्या झोनचे नियम आड येत नाहीत.

न्यू लिनमधून जाणारी रेल्वे अशाच राखीव पट्ट्यातून धावते. पूर्वी रूळ गावाच्या मधोमध, रस्त्यांच्याच पातळीवर होते आणि गाडी आली की वाहनं खोळंबायची. मग सुमारे एक किलोमीटर लांबीचा खंदक खणून रूळ त्यात उतरवले आणि २०१० मध्ये नवं स्थानक उघडलं. आता गाडी खालून जाते, गाव वरून चालतं.

आणि त्या पट्ट्यात रेल्वेच्या आड येईल असं काही करायचं असेल, तर कितीही मोठा बिल्डर असो, त्याला आधी रेल्वे कंपनीची लेखी परवानगी आणावी लागते. हा नियम खुद्द कौन्सिललाही चुकलेला नाही.